कुरणाचा हवालदार

राजाला शिव्या देणं मोठं गैरसोयीचं असतं. एक तर तो लांब असतो. त्याची पालखी कधीमधी गावावरून गेलीच, तर तोरणं बांधायला आपणच सगळ्यांत पुढं असतो. शिवाय दिलेली शिवी त्याच्या कानापर्यंत पोचली, तर दुसरी द्यायला आपण शिल्लक राहू याची हमी कोणी देत नाही. म्हणून गावाला शिव्यांसाठी हाताशी असलेला, रोज दिसणारा, शक्यतो पायी चालणारा असा एक सरकारी माणूस लागतो. सातारा-सांगलीच्या मुलखात ही सोय मराठी राज्यानं स्वतःच्या खर्चानं करून ठेवली होती. सरकारी कुरणाची राखण ज्याच्याकडं असे, तो हा माणूस.

मराठ्यांचं राज्य घोड्याच्या पाठीवर उभं राहिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. घोडा कशावर उभा राहिला, हे कोणी सांगत नाही. तो गवतावर उभा होता. दख्खनी तट्टू कितीही काटक म्हटलं तरी दिवसाकाठी त्याला सात-आठ किलो सुकं गवत लागणारच. हजार घोड्यांची पागा धरा. रोजचे सात-आठ हजार किलो झाले, म्हणजे डोईवरचे अडीचशे-तीनशे भारे. मोहिमेवरची घोडी परमुलखात चरत, तिथल्या शिव्या तिथल्या तिथं जिरत. पण हुजूरपागा बारमाही घरीच, आणि पावसाळ्यात तर सगळंच लष्कर छावणीला परत. त्यांच्यासाठी डोंगरउतारावरचा, माळावरचा चांगला गवताळ तुकडा बघायचा, त्याच्या चतुःसीमा ठरवायच्या, पहिल्या पावसापासून तिथं गुरू शिरू द्यायचं नाही. गवत कमरेला लागलं की कापायचं, वाळवायचं, गंजी रचायच्या आणि पागेकडं रवाना करायचं. हे सरकारी कुरण. हिशेब अगदी सोपा होता. फक्त त्यात गावची गुरं धरलेली नव्हती, आणि गावच्या गुरांना हिशेब येत नव्हता.

या दोघांच्या मधे आपला माणूस उभा. कुठं त्याला कारकून म्हणत, कुठं नुसता राखणदार. आपण त्याला हवालदार म्हणू. त्यालाही तेच आवडलं असतं. नाव मात्र विचारू नका. जुन्या दप्तरांच्या रुमालांत कुरणांच्या नोंदी आहेत, हुकूम आहेत, तक्रारी आहेत. पण मी सांगतोय तो त्यातला कोणी एक नव्हे, त्या सगळ्यांचा मिळून झालेला नमुना आहे.

उंची बेताची, मिशी बेताबाहेरची. हातात काठी, कमरेला चंची. पागोटं एके काळी पांढरं असावं. चालताना नजर सदैव खाली. परका माणूस म्हणेल काय विनयशील गृहस्थ! विनय वगैरे काही नाही, तो खुरांचे ठसे बघत चाललेला असतो. गाय की म्हैस, गाभण की भाकड, काल गेली की पहाटे, हे त्याला मातीवरून कळतं. शेणावरून तर त्याला घराणं सांगता येतं. देशमुखांच्या गोठ्यातल्या जनावराचं शेण आणि अडल्या कुणब्याच्या बैलाचं शेण यांतला फरक तो डोळे झाकून ओळखे, आणि त्यानंतर देशमुखांचं शेण त्याला दिसत नसे.

गवतावर त्याचं खरं प्रेम. हे कोणी मान्य करणार नाही, पण होतं. मारवेल कुठं दाट येतो, पवना कुठल्या उताराला धरतो, कुसळी कुठं माजते हे त्याला पाठ. रात्री वारा सुटला की बायको म्हणे, "कौलं बघा," आणि हा अंथरुणात उठून बसून म्हणे, "गवत लोळलं असंल." लेकीच्या लग्नाच्या बोलण्यात व्याह्यानं पत्रिका पुढं केली, तेव्हा यानं विचारलं होतं, "तुमच्याकडं मारवेल हाय का?"

गाव त्याच्याशी कधी भांडत नसे. भांडण परवडत नाही, आणि त्यात मजाही नाही. गाव त्याच्याशी अतिशय आदरानं वागे, आणि तोच त्याला सर्वांत मोठा त्रास होता. सकाळी तो एक चुकार म्हैस हाकत चावडीपुढं आणतो. पाटील लगबगीनं घोंगडी अंथरतात. "आलासा? बसा की हवालदार. पानी आना रं!" सगळी चावडी त्या म्हशीकडं अशी बघते, की म्हैस नावाचं जनावर आपण आजच पाहिलं.

"ही कुनाची?"

"परगावची दिसतीया," पाटील म्हणतात.

"परगावची? मग काल तुमच्या आळीत बांधली हुती ती?"

"पाव्हनी असंल."

तेवढ्यात म्हशीला तिचा मालक दिसतो आणि ती प्रेमानं हंबरते. आता नाइलाज झाला. मालक पुढं येतो, मुंडासं काढून हातात धरतो. "म्हस माझी हाय, खोटं कशापायी बोलू? पर ती कुरनात गेली न्हाय, हवालदार. शिवंवरचं गवात वाऱ्यानं हिकडं वाकलं. हिनं आपलं तोंड उघडलं."

"आन पोट फुगलंय ते?"

"लई वारा हुता."

"तिथं शेन पडलंय तिचं!"

"कशावरनं तिचं? शेनावर काय नाव लिवलंय?"

कुळकर्ण्यांनी तोवर बरू टाकात बुडवलेला असतो. तेही गावातलेच, त्यांच्याही दोन गाई. ते अतिशय सावकाश लिहितात. गुन्हेगारीचा दंड किती, मसाला किती, यावर खल होतो. मसाला म्हणजे सरकारी माणूस बोलवायला आला त्याच्या येण्याजाण्याचा खर्च, तोही ज्याला बोलावलं त्यानंच द्यायचा. माणसाला पकडायला येणाऱ्याचं भाडं पकडल्या जाणाऱ्यानं भरायचं, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याची बुद्धी राज्यकारभारात वाया गेली नाही, एवढं खरं. दुपारपर्यंत रक्कम निम्म्यावर येते, संध्याकाळपर्यंत एक कोंबडी आणि अर्धा शेर तूप यांवर ठरते. म्हैस घरी जाते. रात्री अंधार पडल्यावर ती पुन्हा कुरणात असते, कारण तिला आता जागा माहीत झालेली आहे.

कोंबडी आणि तुपाची गोष्ट निघालीच आहे तर त्याची बाजूही मांडून टाकतो. पेशवाईत कित्येक नोकरांचं वर्ष पगारापुरतं दहा-अकरा महिन्यांचंच असे. काम बारा महिने, रोजमुरा दहाचा. उरलेल्या दोन महिन्यांत माणसानं काय खावं, हे हुकमात लिहिलेलं नसे. गवत तर खाता येत नाही. मिळणारा रोजमुराही वेळेवर येई असं नाही. स्वारीवरच्या शिपायाचा तुंबलेला पगार निदान लुटीतून निघे. याला लुटायला होता तो एक पाटील, आणि पाटलाला लुटणं कोणाला जमलंय? तेव्हा तो कोंबडी घेई. घेताना मात्र "राहू द्या हो" असं तीनदा म्हणे. चौथ्यांदा कोणी आग्रह केला नाही, तर त्या घरच्या गुरांवर त्याची नजर वर्षभर बारीक असे.

त्याच्याबद्दलचा खरा राग म्हशीपायी नव्हता. तो आश्विनात पेटे. गवत कापायचा हंगाम चुकवून चालत नाही. फुलोऱ्यावर आलं की कापलं पाहिजे. पंधरा दिवस उशीर झाला की त्याचा कस जातो, काडी उरते, आणि कुसळी असली तर कुसळ घोड्याच्या तोंडात रुततं. पण हेच दिवस बाजरी काढायचे, हेच शाळू पेरायचे. जमिनीत ओल आहे तोवर पाभर धरली नाही तर वर्ष गेलं. नेमक्या त्या आठवड्यात हवालदार वेठीचा हुकूम घेऊन दारात उभा: अमक्या गावानं इतके माणूस, इतके विळे, इतक्या गाड्या. त्या क्षणी गावातली निम्मी माणसं आजारी पडत. एकाची कंबर धरे, एकाची सासू मरे. एकच सासू तीन वर्षांत तीनदा मेली, आणि प्रत्येक वेळी हवालदार समाचाराला गेला. तिसऱ्या वेळी तिनंच दार उघडलं, म्हणे.

सासू मारून सुटणारे मात्र घरदार, बैलबारदाना असलेले. ज्यांना सुटता येत नसे ते गावकुसाबाहेर राहत. सरकारला गवत आणि लाकूडफाटा पोचवणं हे महारांच्या वतनी कामांत बसवून टाकलेलं होतं, आणि पाटलाच्या यादीत वेठीची पहिली नावं त्यांची असत. चावडीवरच्या सगळ्या चतुर उत्तरांची किंमत शेवटी त्यांच्या डोईवरच्या भाऱ्यांतून फिटे. हवालदाराला हे दिसत होतं. तो यादी वाचून दाखवी, यादी बदलणं त्याच्या हातात नव्हतं, असं तो म्हणे. मला त्याचं हे म्हणणं पटत नाही. सासूच्या बाबतीत त्यानं बऱ्याचदा यादी बदलली होती.

गंमत अशी, की त्याच्या हातातले वरचे हुकूम वाचावेत तर डोळ्यांत पाणी यावं. शिवछत्रपतींनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना धाडलेलं पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच उधळून टाकाल, मग टंचाई पडली की रयतेच्या दारात जाल. तसं करू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या. गंजीजवळ चुली पेटवू नका, चिलमी ओढू नका. जळती वात उंदीर ओढून नेईल, गवत पेटेल आणि घोडी उपाशी मरतील. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराचा सुद्धा विचार करतो! पुढं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर झाडांचं वेगळं प्रकरणच म्हणावं असा मजकूर आहे. आरमाराला सागवान लागतं ते हुजूरच्या परवानगीनं तोडावं. आंबा-फणसाला हात लावू नये, ती झाडं रयतेनं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलंच असेल, तर मालकाला राजी करून, पैसा देऊन न्यावं. जबरदस्ती करू नये. किल्ल्याच्या घेऱ्यातली झाडी तर काडीनं कमी होऊ देऊ नये.

अशा आशयाचे हुकूम गावात कोण आणणार? हवालदारच. कल्पना करा: तोच कागद घेऊन येतो, कुळकर्णी तो मोठ्यानं वाचतात, आणि रयतेस आजार देऊ नये, काडीचाही उपद्रव करू नये, करील त्याचा मुलाहिजा राहणार नाही, या प्रत्येक वाक्यागणिक सगळी चावडी हळूच मान वळवून त्याच्याकडं बघते. महाराज किती कनवाळू, असं म्हणत म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात. कागदातला खलनायक कागद आणणाऱ्यावाचून दुसरा कोणी नसतोच. दया वरून येते आणि वरच्याच्या नावावर जमा होते. गवताचे भारे मोजून घ्यायचा हुकूमही वरूनच येतो, तो मात्र खालच्याच्या नावावर पडतो. हवालदारानं एकदा हे कुळकर्ण्यांना बोलून दाखवलं. कुळकर्णी म्हणाले, "बरोबर आहे. आता बाकीचे भारे कधी देताय?"

हवालदाराचा स्वभाव पावसावरही पुष्कळ अवलंबून असे. सातारा-सांगलीचा हा पट्टा मोठा विचित्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि तिथून नुसतं पूर्वेला उतरत म्हसवड-आटपाडीला यावं तर पाचशेच्या आसपास. जावळीच्या खोऱ्यातला राखणदार त्यामुळं सुखी प्राणी. वासोट्याच्या पायथ्याच्या झाडीत चोरी करायला जाणाऱ्याची काळजी वाघ घेत. तिथं कोणी लाकूड तोडलं तर तोडलेल्या जागी पुढच्या श्रावणात माणूस हरवेल एवढं रान. राखणदार दिवसभर मध खाई, रात्री दार लावून घेई आणि हुजुरास लिही, की बंदोबस्त चोख आहे. उलट माणदेशातला बिचारा काडी-काडी मोजणारा. ज्याच्याकडं राखायला काही नाही, तो सगळ्यांत कडक राखण करतो. त्यात तिथले धनगर. पाचशे मेंढरं घेऊन माणूस सकाळी कुरणाच्या हद्दीवर उभा राहतो, मेंढरं संध्याकाळी पलीकडच्या हद्दीवर असतात, आणि मधल्या वेळात ती कुठून गेली हे तो सिद्धनाथाची शपथ घेऊन सांगू शकत नाही.

"मेंढरू खाली मान घालून चालतंय," तो समजावून सांगतो. "त्येला हद्द दिसत न्हाय. तुमी हद्द वर मारलीया."

खरसुंडीच्या जत्रेत जाऊन बघा, आजही तिथं उभे असलेले खिलार बैल, त्यांची ती उंच शिंगं आणि ताठ मान. असलं जनावर काय दुष्काळी माळावरच्या वाळल्या काटक्या खाऊन तयार होतं? मला दाट संशय आहे की या जातीच्या अंगात पिढ्यान् पिढ्यांचं सरकारी गवत मुरलेलं आहे.

शाहूमहाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1708 ते 1749, आमच्या माणसावर एक नवी जबाबदारी आली. महाराजांना शिकारीचा भारी नाद. दरबारच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे खात्यांत, शिकारखाना हा स्वतंत्र कारखानाच होता. शिकार म्हणजे हाकारे आले, हाकारे म्हणजे पुन्हा गावचीच माणसं आली, आणि ती गोळा करणं म्हणजे पुन्हा हा आला. गवत निदान एका जागी उभं असतं. रानडुकराला हुकूम बजावता येत नाही. जनावर निघालं तर महाराजांचा नेम अचूक. नाही निघालं तर रान ज्याच्या हवाली त्याची कसूर. अशा दिवशी तो पहाटेपासून रानाशी हात जोडून उभा असे. हाकाऱ्यांनी मुद्दाम उलट्या दिशेनं हाकारा घातला, तरी ते त्याला सिद्ध करता येत नसे, आणि एखाद्या सालची गवताची वेठ हाकाऱ्यांच्या चांगली लक्षात असे.

याच महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला असताना त्यानं धन्याचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्याची समाधी दाखवतात. गावानं ही गोष्ट हवालदाराला किती वेळा ऐकवली असेल याची गणती नको. "पालखी कुत्र्याला मिळाली, तुमी पायीच?" असं अगदी हळव्या आवाजात विचारायचं. तो उत्तर देत नसे. पुढच्या ओढ्यापर्यंत जरा जोरात चाले.

त्याला कोणी विलायतेतली हकीकत सांगायला हवी होती. बरं वाटलं असतं. इंग्लंडच्या राजांनी शेकडो वर्षं आधी अख्खीच्या अख्खी रानं हरणांसाठी राखून ठेवली होती. तिथले राजवनाचे अंमलदार गावोगाव फिरून कुत्री तपासत. कुत्र्याच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटलेली असली पाहिजेत, म्हणजे ते हरणामागं धावणार नाही. नसतील तर मालकाला दंड. हरीण मारणाऱ्याचे हातपाय तोडायचीही वहिवाट होती. लोक इतके कावले, की शेवटी 1217 मध्ये राजाला रानापुरती वेगळी सनद लिहून द्यावी लागली आणि हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव घेणार नाही असं कबूल करावं लागलं. तिकडं रानात लपून या अंमलदारांना सळो की पळो करणाऱ्या रॉबिन हूडची गाणी झाली. आमच्याकडं हवालदाराविरुद्ध कोणी रानात जाऊन लपलं नाही. रानात म्हशी होत्या, लपायला जागा नव्हती.

एक प्रसंग मात्र असा येई, की ज्यात गावही त्याची चेष्टा करत नसे. शत्रूची मोठी फौज चालून आली, की तिला वैरण मिळू नये म्हणून आजूबाजूचं गवत पेटवून द्यायचं, हा मराठ्यांचा जुना डाव. औरंगजेब 1699 च्या डिसेंबरात खुद्द साताऱ्याच्या किल्ल्याला येऊन भिडला आणि 1700 च्या एप्रिलापर्यंत तिथंच बसून होता. असल्या फौजेच्या उंट-घोड्यांना रोज लागणारं गवत म्हणजे आपल्या हवालदाराचं आयुष्यभराचं काम. अशा वेळी हुकूम काय येणार? ज्या माणसानं एका तोंडभर घासासाठी म्हैस कोंडवाड्यात घातली, त्याच्याच हातात पलिता. गंजी पेटवून तो बांधावर उभा राहिला, की पाटील शेजारी येऊन उभे राहत. दोघंही बोलत नसत. मग पाटील खाकरून म्हणत, "म्हशीनी खाल्लं असतं तर निदान दूध झालं असतं." हवालदार मान डोलावी. त्या वर्षी त्यानं कोणाकडून कोंबडी घेतली नाही. एक तर वाईट वाटलं म्हणून, आणि दुसरं म्हणजे कोंबड्या मोगलांनी आधीच नेल्या होत्या.

इकडं मिरज-सांगलीच्या बाजूला पटवर्धनांच्या सरंजामात हजारो स्वार बाळगायचे, तेव्हा तिथंही असाच नमुना असणार. पण कृष्णाकाठची काळी जमीन ज्वारी देते, ज्वारी कडबा देते, आणि कडब्याच्या जोरावर तिथला हवालदार जरा पोटभरू आणि त्यामुळं जरा मवाळ. सांगलीकराला रागवायला वेळ लागतो, हे मी सातारकरांच्या देखत म्हणत नाही.

1818 ला पेशवाई गेली. पुण्याच्या पागा रिकाम्या झाल्या, सरंजामी स्वार घरी बसले, घोडी विकली गेली. गवत मात्र दर पावसाळ्यात नेमानं उगवत राहिलं, आणि त्याच्याकडं बघत आमचा माणूसही. काही दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही, की आता तो हे कोणासाठी राखतोय. सातारचं राज्यही 1848 मध्ये खालसा झालं. आता तरी हा माणूस सुटेल असं गावाला वाटलं असेल. त्याला खाकी कपडे मिळाले.

1878 च्या जंगल कायद्यानं रान राखीव झालं, आणि उरलेला मोकळा माळही बराचसा त्यात गेला. आधीच्या राज्यात गवताचा तुकडा सरकारचा आणि भोवतालचं रान सगळ्यांचं असे. आता सगळंच सरकारचं. म्हशीच्या दंडाची छापील पावती मिळू लागली, त्यामुळं कोंबडी पावतीशिवायची झाली, म्हणजे जास्तीची. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी जंगलखात्यावर जो कोरडा ओढलाय, त्यात हा चारणीचा कोंडमारा स्पष्ट आहे. आणि 1930 साली शिराळ्याजवळच्या बिळाशीकरांनी तर दंड, पावती, कोंबडी हे सगळंच बाजूला ठेवलं. राखीव रानातला साग उघड-उघड तोडला, वाजतगाजत गावात आणला आणि देवळापुढं त्याचा झेंड्याचा खांब केला. तो काढायला मग बंदुका घेऊन पोलीस आले. त्या सकाळी रानात ड्यूटीवर कोण गार्ड होता, त्याची हकीकत मला फार वाचायची आहे. आयुष्यभर चोरून नेलेल्या फांद्यांमागं धावलेल्या माणसासमोरून अख्खं झाड मिरवत नेतात, तेव्हा नक्की कुठलं कलम लावायचं हे त्याला ठरवता आलं नसणार.

त्याच मुलखात आता चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, 2004 पासून. आणि 2010 पासून कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. हवालदाराचा पणतू-खापरपणतू म्हणावा असा वनरक्षक मोटारसायकलवर फिरतो. त्याच्या मोबाईलमध्ये नकाशा आहे, खिशात कॅमेरा ट्रॅपच्या बॅटऱ्या आहेत. नागपंचमी जवळ आली की बत्तीस शिराळ्यात त्याच्याइतका नावडता पाहुणा दुसरा नसतो. अख्खं गाव पिढ्यान् पिढ्या जिवंत नाग पूजत आलेलं, आणि हा कायद्याचा कागद घेऊन दारात. बाकीचे दिवस त्याला पहाटे पाच वाजता फोन येतात. कारण वारणेकाठचा ऊस आता थेट रानाला जाऊन भिडलाय, गवे धरणाकडून खाली उतरतात, बिबट्याची मादी तर उसातच पिलं घालते.

"सायेब, या लवकर. तुमचा गवा आमच्या उसात घुसलाय."

वनरक्षक चिखलातून येतो, हातातली काठी बांधावर टेकवतो, आडव्या झालेल्या उसाकडं बघतो. नुकसानभरपाईचा अर्ज, त्याला जोडायचा पंचनामा, त्यावर तीन सह्या.

"गवाच हुता कशावरनं? एखादी म्हस असंल गावातली."

"म्हस?" शेतकरी त्याला हाताला धरून सरीत घेऊन जातो. "ह्ये शेन बघा की."

वनरक्षक वाकतो, बघतो, आणि सात-बारा आणला आहे का, ते विचारतो.